चाकूचा वाटा

माझं काय म्हननं न्हाई, चाकू चांगलाच हाय... पन चांगुलपनालाबी काही हद्द आसावी का नसावी, तुमीच सांगा. मानसाच्या हातात नवी चीज आली तर तिच्यात कुठं तरी, एखाद्या कोपऱ्यात, मिठाच्या खड्याएवढी खोट आसावी, म्हंजे बघनाऱ्याच्या जिवाला जरा थंडावा मिळतो. ह्या बद्रीनाथच्या चाकूत तेवढीबी न्हाई. हुडकली की म्या. चष्मा लावून हुडकली, चष्मा काढून हुडकली, उन्हात धरून हुडकली, सावलीत बसून हुडकली, शेवटी डोळे मिटून नुसत्या बोटानं हुडकली. न्हाई म्हंजे न्हाई.

तुमी आजच जनावरं घेऊन छावनीत आलात, तुमाला वाटंल, म्हातारा आल्या आल्या गाऱ्हानं का म्हनून सांगाया लागला. आवं, तुमीच तर इचारलं, 'बाबा, कांदा कापाया चाकू हाय का?' आता ह्या सवालाचा जवाब माझ्याच्यानं एका शब्दात व्हत न्हाई. बसा. बैलं बांधून झाली न्हवं? मग बसा. उसाची ट्राली यायला लई टाइम हाय, अन् पान्याच्या टँकरची तर वाटच बघायची नसती, त्यो आला की धुरळ्यावरनं कळतं.

तर तुमाला सांगतो, महिन्यामागं ह्योच सवाल ज्यो त्यो मला इचारायचा. दूध सोसायटीनं ह्या माळावर दुष्काळाची चारा-छावनी उघडली, तवा पयल्या दिवशी आलेल्यात मी एक. दोन बैलं, एक गाय, एक घोंगडं, अन् बंडीच्या खिशात चाकू. सहाशे जनावरं, दीड-दोनशे मानसं, अन् चाकू म्हनावा असा चाकू एकच, माझा. कोयते व्हते, विळे व्हते, न्हाई म्हनत न्हाई मी. पन कोयत्यानं कुनी कांदा चिरतंय का? पायात बाभळीचा काटा मोडला तर त्यो काय कोयत्यानं काढायचा? दाव्याची बसलेली गाठ, पेंडीच्या पोत्याचा टाका, बैलाच्या खुरात रुतलेला खडा, हे सगळं चाकूचं काम. मग दिवसभर माझ्या दावनीला मानसं. 'तात्या, चाकू द्या.' 'सुंदरतात्या, जरासाक चाकू...'

अन् आपल्यात रीत कशी हाय, धारेची वस्तू हातातनं हातात द्यायची न्हाई, भांडन लागतं. आपन भुईवर ठेवायची, घेनाऱ्यानं उचलायची. उचलाया मानूस वाकतो, आमच्या वयाचा मानूस वाकला की बसतो, बसला की तंबाखू काढतो, तंबाखू निघाली की बोलनं निघतं... असा त्यो चाकू मला घरबसल्या मानसं आनून द्यायचा. शिवाय मी एक कायदा केलता. चाकूचा वाटा. कापलं त्यातलं थोडं चाकूवाल्याला. कांदा कापला तर अर्धा कांदा, पेरू कापला तर एक फोड, अन् दाव्याची गाठ तोडली तर त्यात वाटा कसला घ्यायचा, तवा चिमूटभर तंबाखू. दोन महिने मी कांदा इकत घेतला न्हाई, तुमाला सांगतो. म्हातारी गावाकडनं भाकरी पाठवती, कांदा सोसायटी पुरवती... सोसायटी म्हंजे चाकूची. ते शहादेवनं ठेवलेलं नाव. शहादेव म्हंजे त्यो दारातल्या वजनकाट्यावर बसतो त्यो, हात काट्यावर अन् तोंड सगळ्या छावनीत. म्हनायचा, 'तात्या, ही तुमची चाकूची सोसायटी लई भारी चालली बरं का. सभासद दोनशे, भागभांडवल एकट्याचं, अन् चेअरमन मरेस्तोर तुमीच.' सगळे हसायचे. मीबी हसायचो. चेअरमन म्हनलं तर वंगाळ वाटतंय व्हय कुनाला?

अन् चाकू तरी कसला. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला व्हतो, तिथं आमच्या छिन्न्यांना धार लावाया एक घिसाडी, फिरता लोहार, बसायचा. त्येनं मोडक्या ट्रकच्या पाट्यातनं बनवून दिला. मूठ बाभळीची. चाळीस वर्सं झाली. मूठ दोन जागी चिरली, तिला तार गुंडाळली. पातं घासून घासून गवताच्या पात्यावानी झालतं, मिटला की पातं मुठीत हाय का पडलं कुठं, ते चाचपून बघावं लागायचं. पन लोखंड तापवून पानी असं दिलतं त्या घिसाड्यानं... जाऊ द्या. मेलेल्याचं गुनगान रडू आनतं.

आता ह्यो बद्रीनाथ. ही शेजारची दावन त्येची. मानूस चांगला, अन् हीच माझी अडचन. खडूस असता, भांडकुदळ असता, तर त्येच्यावर जळाया जरा सोपं गेलं असतं. न्हाई. सकाळी माझ्याआधी उठतो अन् माझ्या गाईलाबी पानी दावतो. अशा मानसावर जळायचं म्हंजे चोरून जळावं लागतं, लई तरास व्हतो.

त्येची लेक कौशल्या अन् जावई ऊसतोडीला गेलते. पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम सरला, परत आले, अन् येताना लेकीनं बापाला चाकू आनला. तिकडं कुन्या लोहाराकडनं सांगून करून घेतलेला. म्हशीच्या शिंगाची मूठ, काळीभोर, उन्हात धरली तर कडेला मधावानी दिसती. दोन टोकाला पितळी टोप्या. अन् उघडला की आवाज...

थांबा. ऐकलं? आत्ता. खट. ऐकलं ना? त्योच. शेजारीच हाय ना दावन. दिवसातनं चाळीस बार ऐकतो मी ते. माझ्या चाकूला आवाजच न्हवता, उघडला काय अन् मिटला काय, त्येचं त्येलाच ठावं.

माझं काय म्हननं न्हाई, चाकू चांगलाच हाय.

पयल्या दिवशी सगळी छावनी बघाया गेली. म्हनलं, जाऊ द्या, नव्याचे नऊ दिवस. दुसऱ्या दिवशी दोपारपस्तोर माझ्याकडं कुनी आलं न्हाई. एकबी न्हाई. मी चाकू खिशातनं काढून भुईवर ठेवला, जरा दिसंल असा. मग बायनाबाई येताना दिसली. बायनाबाईच्या दोन म्हशी त्या कडच्या रांगेला हायत, बाई जिभंनं धारेची, पन चाकूचा वाटा द्यायला हात मोठा. पदरात कांदे दिसत व्हते. म्हनलं, आली. म्या चाकू फुंकर मारून पुसला, तिच्याकडं सरकवला, घोंगड्यावर जागा केली... अन् बाई माझ्या म्होरनं सरळ गेली की. पलीकडनं आवाज आला, 'बद्रीनाथभाऊ, चाकू द्या बरं, तुमच्या चाकूनं कांदा कापला की डोळ्याला पानीच येत न्हाई.'

कांदा त्यो, डोळे तेच, अन् पानी येत न्हाई म्हनं. माझ्या आलं.

त्या दिवशी म्या भाकरी मिठाशी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी कळस झाला. समदे उठून माझ्याकडंच आले, बद्रीनाथ म्होरं, चाकू तळहातावर धरून, देवाचा परसाद धरावा तसा. कावून? तर पारख कराया. आता हे मातर खरं हाय की बहात्तरापासनं आमच्या गावात खुरपं येवो, कुऱ्हाड येवो, अडकित्ता येवो, आधी माझ्या हातात येतंय. म्या चांगलं म्हनलं तर चांगलं. शाळेत एक दिवस गेलो न्हाई, पन लोखंडाचं मला वाचता येतं. अन् आजपस्तोर कधी खोटं वाचलं न्हवतं, हे ध्यानात ठेवा, म्होरं कामाला येईल.

बद्रीनाथनं चाकू भुईवर ठेवला. म्हनतो, 'तात्या, तुमी म्हनाल तसं. तुमी वंगाळ म्हनलात तर मी ह्यो खिशात ठेवनार न्हाई.'

बघा, कसा बोलतो. जळू तरी देतो का मानसाला?

म्या उचलला. आधी नुसता तळहातावर धरून बसलो. घाई करायची नसती, लोखंडाचं वजन हाताला सावकाश कळतं. मूठ जड का पातं जड? दोन्ही सारखं. बोटावर आडवा तोलला, तर बरूबर पितळी टोपीपाशी उभा राह्यला, पारावर बसल्यावानी. मनात म्हनलं, बरं, असू दे. नखानं खाचंतनं पातं वढलं. लई कडक असतं तर नख मोडतं, लई सैल असतं तर खिशात उघडून मांडी कापतं. ह्ये आलं, मधी जरा थांबलं, अन् मग आपलं आपन गेलं. खट. पातं चिमटीत धरून हालवलं, वर-खाली, डावं-उजवं. डुगडुगत न्हाई, म्हंजे रिबीट, पातं फिरायचा खिळा, घट्ट. मिटून उन्हात धरला, पातं मुठीच्या मधोमध, दोन्हीकडं सारखी फट, केसाएवढी. टिचकी मारली, आवाज लांबवर गेला, म्हंजे पानी बरूबर दिल्यालं. मनगटावरचे केस काढले, निघाले. म्हनलं, मऊ धार असंल, हजामतीपुरती. उसाचं पेरं मागवलं. पेरावर भलेभले चाकू दात पाडतात. ह्येनं पेरं कापलं, अन् अंगठ्यानं धार बघितली तर जशीच्या तशी, जनू उसाला हातच लावला न्हाई.

समदे म्होरं सरकले. माझ्या बैलानं रवंथ थांबवलं म्हना ना.

अन् तेवढ्यात बायनाबाई म्हनली, 'आता तात्याचा चाकू देव्हाऱ्यात ठिवा बाई, हळद-कुंकू वाहून.'

हसले लोक. वाईट म्हनून न्हाई हसले, आपलं साधं हसले. पन मला काय झालं कुनाला ठावं. माझ्या म्होरं ती आख्खी उन्हाळ्याची दुपार दिसाया लागली, घोंगड्यावर एकटा मी, अन् पलीकडं खट, खट, खट. तोंडातनं निघून गेलं, 'चाकू चांगला हाय. पन... रिबीट जरा ढिली हाय.'

जरा. म्या फकस्त जरा म्हनलं. लई म्हनलं न्हाई. सत्तरीला टेकलेल्या मानसानं जन्मात एक 'जरा' खोटं बोलावं, तर एवढा गहजब व्हावा का? पन बद्रीनाथचं तोंड असं उतरलं... म्हनला, 'मग आता?' म्या म्हनलं, 'आता काही न्हाई. महिन्या-दोन महिन्यानं पातं डुगडुगंल. मंग बघू.' मला वाटलं, चाकू आठ-पंधरा दिस खिशात राहील, लोक पुन्हा माझ्याकडं येतील, मग मी सावकाश एक दिस म्हनंन, 'आन बरं, पुन्हा बघू,' अन् बघून म्हनंन, 'बसली की रिबीट.' मिटलं. कुनाचं काय जात व्हतं?

पन मानूस आज्ञाधारक असला की लई वंगाळ. महिनाभर थांबतो कशाला? गेला, बैल बांधायची लोखंडी मेख उपटली, ती खाली घेतली, वर चाकू, अन् दगडानं ती रिबीट ठोकली. मला हितं आवाज येतोय, ठक, ठक, ठक, अन् मी घोंगडं डोक्यावरनं घेऊन पडलेला. उठून म्हनावं का, आरं थांब? उठलो न्हाई. हे मातर माझं चुकलं. बाकी कशात माझं चुकलंय असं मला वाटत न्हाई, पन तेवढं उठाया पायजे व्हतं.

घडीभरानं आला. चाकू मिटलेला. म्हनतो, 'तात्या, रिबीट घट्ट झाली. लई घट्ट झाली. आता उघडतच न्हाई.'

मागनं पुन्हा समदी जत्रा. अन् तुमाला सांगतो, लाज वाटती सांगाया, पन मला आधी बरं वाटलं. चाकू अडकला म्हनून न्हाई. माझ्या घोंगड्यावर बसाया जागा उरली न्हवती म्हनून. बायनाबाई माझ्या गाईपाशी टेकलेली, शहादेव काटा सोडून आलेला, बद्रीनाथ माझ्या म्होरं उकिडवा, अन् समद्यांची नजर माझ्या हाताकडं. शहादेव म्हनला, 'चेअरमनसाहेब, आता ठराव काय?'

आता खरं तर अशा टायमाला करायचं काय, ते मला ठावं. रिबिटीत दोन थेंब रॉकेल सोडायचं अन् दोन दिस चाकू ठेवून द्यायचा, बास. मी हळू मानूस. गाय पान्हा सोडंस्तोर तासभर बसनारा. पन दोन दिस ठेवायचा म्हनलं की लोक उठून जानार, हो का न्हाई? ते बसलेले व्हते. तवा जन्मात एकदा घाई केली. म्हनलं, 'त्यात काय, आत्ता उघडतो,' अन् खिशातनं माझा चाकू काढला, त्येचं टोक त्या नव्याच्या फटीत घातलं, अन् जरा...

जरा पिळलं.

टच्.

आवाज नव्याचा न्हवता. चाळीस वर्सात माझ्या चाकूनं केलेला पयला आवाज, अन् शेवटचा.

अर्धं पातं बद्रीनाथच्या चाकूच्या फटीत, अर्धं माझ्या हातात. बायनाबाई, जिला कधी शब्द कमी पडला न्हाई, ती पदर तोंडाला लावून बसली. बद्रीनाथनं मोडका तुकडा फटीतनं काढला, धोतराला पुसला, अन्... बघा आता, रीत बघा... माझ्या म्होरं भुईवर ठेवला. मोडला तरी धारेचा व्हता ना.

मग बायनाबाईनंच कंदिलातलं रॉकेल आनून रिबिटीत सोडलं. दोन दिस कुनी हात लावला न्हाई. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथनं नख लावलं. पातं आलं, मधी जरा थांबलं, अन्... खट. आधीपेक्षा भारी. आधी त्यो खट हितपस्तोर यायचा, आता पार वजनकाट्यापस्तोर जातो. ठोकल्यानं सुधरला म्हना की. मी खोट काढली, ती खोट न्हवती, ती दुरुस्त केली, अन् नसलेली खोट दुरुस्त करून चाकू सुधरला. आता हे कुन्या शास्त्रात बसतंय, तुमीच सांगा.

अन् खरी शिक्षा म्होरंच हाय. बद्रीनाथ येईल त्येला सांगतो. नवा मानूस आला की चाकू दावतो अन् म्हनतो, 'ह्येची रिबीट ढिली व्हती बरं. कुनाला कळलं न्हाई. करनाऱ्या लोहाराला कळलं न्हाई. ह्या आमच्या तात्यानं नुसत्या हातानं वळखलं. अन् माझ्या चाकूपायी त्येंनी सोताचा चाकू मोडून घेतला. असा शेजार मिळाया नशीब लागतं.' मानसं माझ्याकडं बघतात. एक-दोघं पाया पडले. काय करावं?

परवा सोसवलं न्हाई. सकाळी त्यो माझ्या गाईला पानी दावत व्हता, तवा गेलो अन् सांगून टाकलं. 'बद्रीनाथ, ऐक. रिबीट ढिली न्हवती. घट्ट व्हती. चाकूत तसूभर खोट न्हवती. म्या जळून म्हनलं.'

त्येनं बादली खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. डोळ्यात पानी आलं त्येच्या, खरं सांगतो. म्हनतो, 'तात्या, कळतंय मला. तुमचा चाकू मोडला, मला वाईट वाटू नये म्हनून तुमी माझ्या चाकूला चांगलं म्हनताय. पन असं खोटं बोलू नका. तुमी आजपस्तोर लोखंडाबद्दल कधी खोटं बोलला न्हाई, माझ्यापायी आता कशाला?'

आता बोला. खोटं बोललो ते समद्यांनी खरं धरलं, खरं बोललो तर मानूस मला समजावून सांगतो, खोटं बोलू नका.

हं, ऐकलं? खट. कुनी तरी कांदा घेऊन गेलं वाटतं त्येच्याकडं.

तर तुमी चाकू इचारला न्हवं? त्यो हितं, शेजारी, गर्दी दिसती तिथंच. चला, मीबी येतो, मलाबी कांदा कापायचाय. रोजच जातो. बद्रीनाथ लई मानानं घोंगडं टाकतो, चाकू माझ्या म्होरं भुईवर ठेवतो, मी वाकतो, उचलतो, उघडतो. खरं सांगू का, एक बार जास्तच उघडतो, आवाज ऐकाया. पयल्या दिवशी कांदा कापून झाला तवा मला वाटलं, ह्यो चांगला मानूस हाय, माझ्याकडनं वाटा घेनार न्हाई. अन् घेतबी न्हवता. मग त्येच्या ध्यानात आलं. म्हनला, 'न्हाई तात्या, रीत तुमी लावली, ती मी तुमच्या म्होरं कशी मोडू?' अन् अर्धा कांदा उचलून कपाळाला लावला, अन् खाल्ला.

माझं काय म्हननं न्हाई... चाकू चांगलाच हाय. कांदा मातर जरा मोठा बघून घ्या.